आठ महिने ऑफिस चॅट वापरून झालं: टूल एकच, प्लांट दोन, अनुभव दोन टोकांचे

टूलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की हे भारी का ते भारी यावर गाडी जाते आणि मला जे सांगायचंय ते राहून जातं. ओपन सोर्स आहे, आपल्याच सर्व्हरवर टाकता येतं, चॅनल, थ्रेड, फाइल, सर्च सगळं आहे, लायसन्सचे पैसे नाहीत म्हणून फायनान्सवाल्यांनीपण पहिल्यांदाच एका मीटिंगमध्ये हो म्हटलं. मी पुण्याजवळच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत प्रोसेस इंजिनिअर, आमचे दोन प्लांट, जुना भोसरीला, नवा चाकणला. गणपतीच्या आधी सुरू केलं, आता अक्षय्य तृतीया होऊन गेली, म्हणजे आठ महिने धरा.

का घेतलं? तर दोन्ही प्लांटमधे तेच प्रॉब्लेम वेगवेगळे सोडवले जायचे. भोसरीत क्लॅम्पिंगचा (मशीनवर पार्ट घट्ट पकडून ठेवण्याचा) एक लफडा सहा महिने डोकं खाऊन सुटला आणि चाकणला तोच लफडा पहिल्यापासून सुरू. गेटजवळ सूचना पेटी होती म्हणा, पण तिची किल्ली कुणाकडे आहे हे एचआरलाही माहीत नव्हतं, एकदा हलवून बघितली तर आत बडीशेपची पुडी.

सेटअप एका शनिवारी झाला. आयटीवाल्या पोराने जुन्या एका सर्व्हरवर बसवलं, मी चॅनल बनवले, प्रत्येक लाइनला एक, मेंटेनन्सला एक, आणि एक "आयडिया" म्हणून. मोबाइलवर ॲप टाकून दिलं, ऑपरेटर लोकांना अर्ध्या तासात जमलं, त्यांना काय शिकवायचं, व्हॉट्सॲप चालवतातच की सगळे. टूलबद्दल खरं तर एवढंच, सर्च चांगलं आहे, थ्रेड सुरुवातीला लोकांना कळत नाहीत, रिप्लाय भलतीकडेच टाकतात, महिनाभरात बसतं.

आता मूळ गोष्ट. पहिल्याच आठवड्यात भोसरीला सेकंड शिफ्टच्या एका ऑपरेटरने तुटलेल्या क्लॅम्प बोल्टचा फोटो टाकला, खाली लिहिलं, हा महिन्यात तिसरा. एकदम बरोबर पोस्ट, अशाच पोस्टसाठी तर हे सगळं केलेलं. दहा मिनिटांत प्लांट हेडचा रिप्लाय, "हे आधी मला का नाही सांगितलं? ग्रुपवर टाकायची काय गरज होती?" बस. पुढे तीन महिने त्या चॅनलवर गुड मॉर्निंग, सुविचार, सेफ्टी वीकचे फोटो आणि साहेबांच्या प्रत्येक मेसेजला अंगठे. बोल्ट तुटायचे थांबले का, तर नाही, फक्त फोटो थांबले.

आणि गंमत अशी की त्याच काळात तिथल्या पोरांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप जोरात चालू होता, साहेब लोक वगळून, नाव "चहा". मला एका हेल्परने नंतर दाखवला. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) कुठला टिकतो, कुठल्या मशीनचा कूलंट पंप कधी दगा देतो, फर्स्ट शिफ्टने काय अर्धवट सोडलंय, सगळं तिथे, आणि कुणी काही विचारलं की पाच मिनिटांत तीन उत्तरं. म्हणजे माणसं बोलत नव्हती असं नाहीच, आपल्यासमोर बोलत नव्हती.

चाकणला उलटं झालं आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. तिथल्या प्लांट हेडनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच लिहिलं, काल रात्री ऑफसेट (मशीनमधलं टूलच्या जागेचं सेटिंग) मीच चुकीचा टाकला, १२ जॉब, म्हणजे पार्ट, स्क्रॅप गेले, चेकशीटमधे ही ओळ नव्हती, आता घातली. एवढंच. त्याखाली अर्धा दिवस कुणी काही बोललं नाही, लोकांना कळेना काय रिॲक्शन द्यायची, मग मेंटेनन्सच्या काकांनी लिहिलं, साहेब परवा माझ्याकडूनपण झालं होतं, मी बोललो नव्हतो. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. हँडओव्हरचे व्हिडिओ, मशीनच्या आवाजाची रेकॉर्डिंग, कुणीतरी घरी वेल्डिंग करून आणलेला जुगाडू स्टॉपर, सगळं येतं.

गाड्यांच्या धंद्यातल्या लोकांना न्यूमीची गोष्ट माहीत असेल, मला ती याच काळात सारखी आठवत होती. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा (जीएमचा) प्लांट होता, गैरहजेरी, भांडणं, क्वालिटीची बोंब, १९८२ ला बंद केला. १९८४ ला टोयोटा आणि जीएमने भागीदारीत तोच न्यूमी या नावाने परत उघडला, कामगार बरेचसे जुनेच, युनियन तीच, आणि बघता बघता त्याच हातांनी चांगल्या गाड्या निघायला लागल्या. लाइनवर एक दोरी, अडलं की ऑपरेटरने ओढायची, टीम लीडर मदतीला येणार, गरज पडली तर लाइन थांबणार. मग जीएमने हीच पद्धत व्हॅन नाइसच्या आपल्या दुसऱ्या प्लांटमधे न्यायला बघितली तर तिथे रुजली नाही, मॅनेजर आणि कामगार दोघांचाही एकमेकांवर भरवसा नव्हता, १९९२ ला तो प्लांट बंदच झाला. (फ्रीमाँटच्या त्याच जागेत आता टेस्लाच्या गाड्या बनतात, ते जाऊ दे.) आमचा बोल्टचा फोटो म्हणजे ती दोरीच होती. ओढली, आणि आलेल्या माणसाने विचारलं, तू ओढलीसच का.

मधे एचआरने एक घोळ घातला तोही सांगतो, कारण हा प्रकार बऱ्याच कंपन्यांत होतो. आयडिया येत नाहीत म्हणून प्रत्येक आयडियाला ५०० रुपये. दोन आठवडे पाऊस पडला. पंखा बसवा, दुसरा पंखा बसवा, पंख्याची दिशा बदला. त्याहून वाईट म्हणजे जी पोरं आधी एकमेकांना सहज सांगायची ती गप्प झाली, माझी आयडिया दुसऱ्याने आधी टाकली तर? दोघांची एका फिक्स्चरवरून चांगलीच जुंपली. दोन महिन्यांनी पैसे बंद केले आणि नियम एकच ठेवला, कुठल्याही सूचनेला सात दिवसांत उत्तर, हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का नाही. माझ्या मते आठ महिन्यांतला सगळ्यात कामाचा बदल हाच, आणि त्याला टूल लागत नाही, वही चालली असती.

आता बाहेरच्यांना आत घेण्याचा किस्सा. एका ॲल्युमिनियम हाउसिंगमधे आडवं भोक मुख्य बोअरला (मोठ्या भोकाला) जिथे छेदतं तिथे आत बर, म्हणजे कापताना कडेला राहणारी धातूची बारीक धार, राहायची, ती हाताने काढायला, म्हणजे डीबरिंगला, दोन माणसं, तरी कस्टमरकडून तक्रार. मी म्हटलं वेंडर लोकांना वेगळं चॅनल देऊ, प्रॉब्लेम उघडा मांडू. डिझाइनवाले म्हणाले ड्रॉइंग बाहेर जाईल. एनडीए (गुप्तता करार) आहे म्हटलं तर म्हणे तरीपण. मग मी एमडींना गोल्डकॉर्पची गोष्ट सांगितली, कॅनडातली सोन्याची खाण कंपनी, रेड लेकच्या खाणीत सोनं कुठे शोधायचं ते सुचेना, तर २००० साली रॉब मॅकइवन नावाच्या त्यांच्या सीईओने खाणीचा सगळा भूगर्भाचा डेटा इंटरनेटवर टाकला आणि ५,७५,००० डॉलरची बक्षिसं लावली. खाणीच्या धंद्यात डेटा म्हणजे तिजोरी, त्यांच्या स्वतःच्या माणसांनाही ते पचत नव्हतं. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या टीमला गेलं आणि लोकांनी सुचवलेल्या बऱ्याच जागी सोनं लागलंही. एमडींनी ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि म्हणाले ड्रॉइंग नको, फक्त त्या भागाचं स्केच टाक. चालेल म्हटलं, आपली खाण तेवढीच.

सात वेंडर चॅनलवर आले, पाच काहीच बोलले नाहीत, कारण त्यांना वाटलं रेट कमी करायचा हा नवीन डाव आहे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आमचे परचेसवाले एरवी फोन करतात तो त्यासाठीच. एक जॉबवर्कवाले काका, पितळेचे पार्ट करणारे, ॲल्युमिनियमशी संबंध नाही, त्यांनी व्हॉइस नोट पाठवली, "अहो आधी आडवं भोक पाडा, बोअर नंतर फिनिश करा, बर बोअरमधे येईल ती रीमर घेऊन जाईल." (रीमर म्हणजे बोअर फिनिश करायचं टूल.) आमच्या प्रोसेसमधे क्रम उलटा होता, आणि तो का उलटा होता हे सांगू शकणारा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला.

मग काय, लगेच केलं? छे. भोसरीत मीटिंग झाली, आता वेंडर आपल्याला मशिनिंग शिकवणार का, असं शब्दशः बोलले एक जण. दोन महिने फाइल फिरली. शेवटी चाकणला नाइट शिफ्टच्या एका ऑपरेटरने चॅनलवरची ती व्हॉइस नोट ऐकून, सुपरवायझरला सांगून, २० जॉब वेगळे काढून ट्रायल घेतली आणि सकाळी कापलेल्या जॉबचा फोटो टाकला. बर पूर्ण गेली नव्हती, आडव्या भोकाच्या तोंडाशी थोडी होती, पण ती ब्रशने निघत होती. प्रोसेस बदल म्हणून कस्टमरची मंजुरी वगैरे सोपस्कार झाले, आता डीबरिंगला एकच माणूस आहे. काकांना काय मिळालं विचाराल तर मलाही लाज वाटते, एक ट्रॉफी आणि शाल. नवीन पार्टची ऑर्डर द्या म्हणून मी परचेसच्या मागे लागलोय.

भोसरीत अगदीच काही झालं नाही असं नाही. चाकणच्या हेडना तिथल्या रिव्ह्यूला बसवायला लागले तेव्हापासून थोडं सैल झालंय. गेल्या महिन्यात भोसरीच्या साहेबांनी एका पोस्टखाली "चांगलं पकडलंस" असं लिहिलं, त्याचा स्क्रीनशॉट "चहा" ग्रुपवर फिरला म्हणे. तो ग्रुप अजून चालू आहे, बंद करायला लावू नका असं मी एचआरला स्पष्ट सांगितलंय.

स्टार द्यायचे तर चाकणसाठी साडेचार, भोसरीसाठी दीड, सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकाच सर्व्हरवरचं, व्हर्जनसुद्धा तेच. सध्याची अडचण म्हणजे व्हिडिओंनी सर्व्हरची डिस्क भरत आलीये. नवीन डिस्कची रिक्वेस्ट टाकून पाच आठवडे झाले, चॅनलवर सगळ्यांनी अंगठे दिलेत, पण मंजुरी कागदावर तीन सह्यांनी होते आणि कागद भोसरीत आहे.