ओटीतली एमआर स्पेक्ट्रोस्कोपी: वापरून झालेलं मत
ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या ट्यूमरच्या) सर्जरीत, ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय मशीनने टिश्यूमधली रसायनं मोजायची ही सोय हवीच असं माझं ठाम मत झालंय. ट्यूमर काढत आणला की कडेला जे पांढरं दिसतं ते उरलेला ट्यूमर की नुसती सूज हे साध्या स्कॅनवर कळता कळत नाही, इथे मात्र ग्राफच्या आडव्या पट्टीवर ३.२ पीपीएमला कोलिनचा (पेशी वेगाने वाढत असल्या की वाढणारं रसायन) पीक वर चढलेला आणि २.० चा एनएए (निरोगी चेतापेशींची खूण असलेलं रसायन) पार बसलेला दिसला की शंका बरीच कमी होते. त्रास म्हणजे पोकळीत हवा किंवा रक्त राहिलं की शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करून घेणं) बिघडतं आणि ग्राफ नुसता खरखरीत येतो, म्हणून पोकळी आधी सलाइनने भरून घ्या, व्हॉक्सेल (ज्या छोट्या ठोकळ्याएवढ्या भागाचं माप घ्यायचं तो) कडेला अगदी चिकटवू नका. वेळ जातो हे खरंय, पण मेंदूतल्या बोलण्याच्या भागाजवळ काम असेल तर तेवढा वेळ द्यायलाच हवा.