नव्या धाटणीची सर्कस नागपुरात करायची, तर कुठे आणि कोणाच्या पैशावर?

मल्लखांब, जिम्नॅस्टिक किंवा नृत्य करणारी चार-सहा मंडळी तुमच्याकडे आहेत. तासाभराचा प्रयोग बांधला आहे, जनावरं नाहीत, तंबू नाही. आता नागपुरात तो लावायचा कुठे, हा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. खुर्च्या मोजून सभागृह निवडू नका, डोक्यावर किती उंची मिळते आणि सेटिंगला किती तास मिळतात ते बघून निवडा. नाटकवाल्यांना हे लवकर पटत नाही, कारण त्यांचा नट जमिनीवर उभा असतो.

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह 2017 मध्ये सुरू झालं. आसनं दोन हजारांच्या घरात. 2019 चं नाट्यसंमेलन इथेच झालं. रंगमंच ऐसपैस, फोटोत सुंदर दिसतो. पण आपल्या कामात बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला तोलाचा थरार पोचतच नाही. चेंडूंची फेक किंवा हातावरचा तोल दहा-पंधरा फुटांवरून बघायची चीज आहे. शिवाय चारशे माणसं आली तर मध्यम सभागृहात ती गर्दी वाटते. इथे तेच चारशे लोक विखरून बसतील, आणि कलावंताला टाळी ऐकू येईपर्यंत पुढची कसरत सुरू झालेली असेल. नावाजलेला बाहेरचा संच आणि मोठा प्रायोजक असेल तरच इकडे वळा.

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह मला पहिल्या प्रयोगासाठी जास्त योग्य वाटतं. नाटक आणि गाण्याचा प्रेक्षक तिथे सवयीने येतो, पत्ता समजावून सांगावा लागत नाही. अडचण तारखांची. शासकीय कार्यक्रम, संस्थांचे वर्धापनदिन आणि पुरस्कार सोहळे यांतून शनिवार-रविवार मिळवणं हेच निर्मात्याचं पहिलं कर्तब. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं. तेव्हा सिव्हिल लाइन्समधले बंदोबस्त, अडवलेले रस्ते आणि भरलेली हॉटेलं बघता त्या दिवसांत प्रयोग लावू नये.

लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह राज्य नाट्य स्पर्धेमुळे हौशी रंगकर्मींच्या अंगवळणी पडलेलं आहे. विदूषकी, जगलिंग, दोघांच्या जोडकसरती असा जमिनीवरचा प्रयोग असेल तर प्रेक्षक जवळ बसतो, आणि ते आपल्या फायद्याचं. कलावंताने दोरीला किंवा कापडाला लटकून करायचं काम असेल तर मात्र आधी वरचं छत नीट बघून या.

या टांगण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण जीव इथेच जातो. रंगमंचावर आडवे टांगलेले बार, म्हणजे लोखंडी दांडे, पडदे, झालरी आणि दिवे पेलायला असतात, आणि हे वजन स्थिर असतं. वरून टांगलेल्या लांब कापडावरून झपकन खाली येणारा कलावंत थांबतो त्या क्षणी आधारावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. म्हणून माणूस टांगायच्या साहित्याला अपेक्षित ताणाच्या दहापट क्षमता धरण्याचा दंडक या क्षेत्रात पाळतात. ‘बार मजबूत आहे, काही होत नाही,’ असं कोणी म्हणालं तर भार किती ते लेखी मागा. मिळालं नाही तर बारला हात लावू नका. त्यापेक्षा स्वतःच्या पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट आणा. ती साधारण वीस फूट उंच असते, म्हणजे झालरी वर घ्याव्या लागतात आणि विंगेतून ती आत येईल का हेही मोजावं लागतं. दोरीचा आणि टांगता मल्लखांब याच चौकटीवर चालतो. पुरलेला मल्लखांब सभागृहात पुरणार कुठे? त्याला जड लोखंडी बैठक करून घ्यावी लागते, आणि फळ्यांखाली आधार कुठे आहे ते बघून ती ठेवावी लागते. एवढं सगळं नेहमीच्या एका सत्रात बसत नाही. आदल्या रात्रीचं सत्र भाड्यात धराच.

उघड्यावरचा पर्याय म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं आवार, किंवा एखादं मैदान. उंचीचा प्रश्नच मिटतो. पण आपल्याकडे हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरतंच. पुढे ऊन, मग पाऊस. वारा सुटला की कापडावरचं काम थांबवावं लागतं आणि दव पडलं की मॅट निसरडी होते.

आता पैसा. स्वतः तिकीट लावायचं की प्रयोग विकून टाकायचा? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत हे कोडं केव्हाच सुटलं आहे. गावातलं मंडळ ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं आणि तिकिटांची जोखीम मंडळाकडे राहते. पहिले काही प्रयोग असेच शाळा, क्लब, कंपन्यांचे स्नेहमेळावे यांना द्यावेत, असं मला वाटतं. नागपूरकर मोठ्या कार्यक्रमांना पासवर जायला सरावला आहे. अनोळखी प्रकाराला तो खिशात हात घालेल, पण एकदा बघितल्यावर. स्वतः तिकीट लावणार असाल तर पाचशे रुपयांच्या आत ठेवा. सर्कस, नृत्य आणि नाटकाला तिथपर्यंत जीएसटी माफ आहे.

जाहिरातीत सर्वांत मोठी अडचण प्रेक्षकाच्या आठवणीची. कस्तुरचंद पार्कचा तंबू, वाघ-सिंह डोळ्यांपुढे असलेले आजोबा नातवाला घेऊन येतील आणि हिरमुसतील. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर 1998 पासून बंदी आहे, पण ‘प्राणी नाहीत’ एवढं छापून भागत नाही. काय आहे ते दाखवा. वीस सेकंदांची तालमीची चित्रफीत वर्तमानपत्रातल्या चौकटीपेक्षा जास्त कामाची. त्याहून उपयोगी म्हणजे शहरातले मल्लखांबाचे आखाडे आणि जिम्नॅस्टिकचे वर्ग. तिथल्या पालकांना कसरतीची किंमत कळते आणि ते गटाने येतात. रविवारी संध्याकाळी पाचची वेळ ठेवा, रात्री नऊची नको. मुलांना सोमवारी शाळा असते.

सभागृहाचं डिपॉझिट भरण्याआधी पोलिसांची परवानगी, रेकॉर्ड केलेल्या संगीताचे परवाने आणि कलावंतांचा अपघात विमा यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र मांडा. प्रयोगात संवाद असतील तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. विम्याच्या अर्जावर ‘नृत्य’ लिहू नका, उंचीवरची कसरत असंच स्पष्ट लिहा, नाहीतर दावा करायची वेळ आली की कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवेल.