जामसंड्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान: घरच्या वायफायचं काम

देवगड तालुक्यात ज्यांच्या घरी वायफाय जोडलेलं दिसतं पण कॉम्प्युटरवर पान काही उघडत नाही, त्यांनी नवा राउटर किंवा वरचा प्लॅन घेण्याआधी या दुकानात फोन करावा. पाचपैकी पाच तारे दिलेत ते मुख्यतः त्यांच्या तपासण्याच्या पद्धतीसाठी. आधी दुखणं शोधायचं आणि मग औषध द्यायचं, असं काम करणारी माणसं या धंद्यात मला फार कमी भेटली.

आमचं घर मिठबावला, जुनं चिरेबंदी. फायबरची वायर पडवीत येते आणि राउटर तिथेच भिंतीवर आहे. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे माजघर. म्हणजे जांभ्याच्या दोन जाड भिंती आड येतात. आंब्याच्या सीझनमध्ये आमचं सगळं काम या कॉम्प्युटरवर चालतं: पुण्यामुंबईच्या ऑर्डरी, कुरिअरची नोंदणी, पेट्यांवर चिकटवायचे पत्ते. गाडी निघायची वेळ झालेली, पेट्या बांधून तयार, आणि पत्त्यांचं पान नुसतं गोल गोल फिरतंय, तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो ते बागायतदारांना सांगायला नको. पडवीत मात्र मोबाईलवर सगळं व्यवस्थित चालू.

इंटरनेट कंपनीच्या फोनवर दरवेळी एकच उत्तर: राउटर बंद करून चालू करा. पुढे म्हणाले, वरचा प्लॅन घ्या. दुसऱ्या एका ठिकाणी तर घर न बघताच चार अँटेनांचा महागडा राउटर सुचवला.

जामसंड्याच्या दुकानाने फोनवरच पहिला प्रश्न विचारला तो असा: बंद पडतं तेव्हा मोबाईलवरही बंद पडतं की फक्त कॉम्प्युटरवर? एवढा साधा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडचा मुलगा स्वतःचा लॅपटॉप घेऊन घरी आला.

त्याने आधी राउटरवरचे दिवे बघितले. लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटलेली किंवा वाकलेली असते. आमचा बंद होता. मग वायरने लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. प्लॅनमध्ये लिहिलाय तेवढा पुरेपूर आला. "काकू, लाईन बरोबर आसा," म्हणाला. "आता नवीन काय घेव नकात, आधी आतला बघूया."

पुढे त्याने जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण ते कोणालाही घरी करून बघता येईल. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) उघडून त्याने पिंग लिहिलं आणि पुढे राउटरचा पत्ता टाकला. आमच्याकडे तो १९२.१६८.१.१ आहे, बऱ्याच राउटरना हाच असतो. शेवटी एक छोटी रेघ आणि टी, म्हणजे आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. काळ्या पडद्यावर ओळी पडायला लागल्या. कॉम्प्युटर राउटरला हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते प्रत्येक ओळीत दिसतं. दोन मिलिसेकंद, तीन, दोन. मग एकदम आठशे. मग "वेळ संपला" अशा दोन ओळी, आणि पुन्हा तीन. मला त्याने शेजारी खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि समजावलं की हा निरोप घराबाहेर जातच नाही, पडवीपर्यंतच जाऊन येतो. तो वाटेत हरवत असेल तर प्लॅन कितीही मोठा घेतला तरी हे पान असंच फिरत राहणार. त्या क्षणी मला सगळं प्रकरण उलगडलं.

मग तो टेबलाखाली शिरला. वायफायचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारा यूएसबीत खोचायचा तुकडा, नखाएवढा, कॅबिनेटच्या पाठीमागे खोचलेला. पुढे पत्र्याचा डबा, मागे भिंत, आणि अगदी लगतच्या निळ्या पोर्टमध्ये आमची बॅकअपची हार्ड डिस्क. या जोडीनेच घोळ घातला होता. निळे पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०, आणि त्यावर डेटा चालू असताना जो गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे वायफायच्या एका लहरपट्ट्यात, पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय, असं त्याने सांगितलं. आमचा डोंगल त्याच पट्ट्यावर चालतो. हार्ड डिस्क काढल्याबरोबर आठशेचे आकडे थांबले. यूएसबीची एक साधी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, तर सिग्नल ३८ टक्क्यांवरून ७१ वर गेला. ती वायर १५० रुपयांची. त्या दिवशी विकत दिलेली वस्तू एवढीच.

बाकीची कामं झटपट झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, वीज वाचवण्यासाठी डोंगल बंद करायची मुभा विंडोजला दिलेली असते, ती खूण काढली. शेजारच्या होमस्टेचा राउटर आणि आमचा एकाच चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एकाच वाटेवर, होते. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून आमचा ११ वर नेला. राउटरच्या सेटिंगचा मूळचा पासवर्ड बदलला आणि नवा आमच्याच वहीत आमच्याकडून लिहून घेतला. डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरही नवा टाकला, पण त्याने काही फरक पडला नाही, हेही त्याने स्वतःहून सांगितलं. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं विचारल्यावर म्हणाला, वेग जास्त मिळतो पण भिंतीतून कमी जातो. तुमच्या दोन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे भरवसा नाही. शिवाय जांभा पावसात पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी येतो.

निघताना त्याने जो सल्ला दिला तो मला सगळ्यात पटला. कॉम्प्युटर जागचा हलत नाही, त्याला वायर द्या, वायफाय मोबाईलला राहू दे. घाई करू नका, चार दिवस बघा, मग ठरवा. वायफाय नीट चालू लागलं होतं, तरी सीझनच्या मध्यावर पुन्हा धाकधूक नको म्हणून आम्ही वायर घेतलीच. बाहेरची काळ्या आवरणाची कॅट ६ (नेटवर्कच्या वायरीचा एक प्रकार), आतून पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती खाऱ्या हवेत टिकत नाही म्हणून ते ठेवतच नाहीत. पडवीपासून वळचणीखालून नेली, आणि भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडला, म्हणजे पागोळीचं पाणी तिथून गळून जातं, आत येत नाही. टोकाला कनेक्टर बसवताना मी मुद्दाम बघत उभी राहिले. आठ बारीक तारा, पीळ सोडवून बोटांनी सरळ केलेल्या: नारिंगी पांढरी, नारिंगी, हिरवी पांढरी, निळी, निळी पांढरी, हिरवी, तपकिरी पांढरी, तपकिरी. सगळ्या एका रेषेत कापून पक्कडीत दाबल्या. मग दोन्ही टोकांना टेस्टर लावून आठही दिवे ओळीने लागतात का ते मला दाखवलं. पिंगच्या ओळी आता सगळ्या "एक मिलिसेकंदापेक्षा कमी" अशा पडतात.

घरी येण्याचे ३०० रुपये, वायरचे मीटरप्रमाणे वेगळे. बिल मागावं लागलं, ते न मागता मिळायला हवं. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत आणि रविवारी दुकान बंद, म्हणून सीझनमध्ये शनिवारच्या आतच गाठा. मिठबाव, कुणकेश्वर, तांबळडेग या बाजूला एकाच दिवशी सगळी कामं उरकतात, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून बोलावलं तर लवकर येतात. पावसाळ्यासाठी त्यांनी एक सांगून ठेवलंय: विजा कडाडायला लागल्या की राउटर आणि कॉम्प्युटर दोघांचे प्लग काढायचे, आणि ही नवी वायरही दोन्ही टोकांनी काढून ठेवायची.