प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा गल्ला: नेटवर्क कोडसाठी कोणती पद्धत निवडावी?

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पॅकेटांची मोजणी प्रत्येक प्रोसेसरच्या स्वतंत्र जागेत ठेवतात, कारण एकच आकडा सर्वांनी वाढवायचा म्हटला की त्याची कॅशलाइन (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीतला तुकडा) प्रोसेसरांमध्ये सतत हिंडत राहते. आमच्या इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत प्रत्येक दुकानाचा गल्ला वेगळा असतो, तसेच हे. मात्र एकूण विक्रीसाठी सगळे गल्ले मोजावे लागतात आणि तोवर गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून बेरीज एका नेमक्या क्षणाची नसते. आकडेवारीपुरते तेवढे चालते.

जुन्या पद्धतीत 'गेट_सीपीयू'ने प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देणे) बंद करायचे, मिळालेल्या क्रमांकावरून 'पर_सीपीयू_पीटीआर'ने पत्ता काढायचा, आकडा वाढवायचा आणि 'पुट_सीपीयू'ने प्रीएम्प्शन पुन्हा चालू करायचे. फंक्शन चूक सापडून मधूनच परतले, तर शेवटची पायरी राहून जाऊ शकते. शिवाय या बंदोबस्ताने सॉफ्टआयआरक्यू (पॅकेटांसारखी कामे मध्येच येऊन उरकणारी कर्नलची यंत्रणा) थांबत नाही. तोच आकडा तिथूनही वाढत असेल, तर एखादी वाढ हरवू शकते. जुनी म्हणजे सुरक्षित, असा समज येथे खरा ठरत नाही.

२०१० च्या २.६.३३ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली 'धिस_सीपीयू_इन्क' ही क्रिया चारही पायऱ्या एका ओळीत उरकते. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) वर त्या प्रोसेसरच्या जागेचा आधारपत्ता सांगणाऱ्या जीएस रजिस्टरच्या आधाराने पत्ता आणि वाढ एकाच यंत्रसूचनेत होतात, त्यामुळे मध्येच प्रोसेसर बदलण्यास फटच उरत नाही. अशी सूचना नसलेल्या आर्किटेक्चरवर सर्वसाधारण पर्यायी कोड क्षणभर इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) बंद करतो. तिथे वेग फारसा वाढेलच असे नाही, पण कोड सुटसुटीत होतो. याच क्रियेचा, नावाच्या सुरुवातीला दोन अधोरेखा असलेला प्रकार हे संरक्षण देत नाही. प्रोसेसर बदलणार नाही आणि तो आकडा मध्येच दुसरे कोणी वाढवणार नाही, याची खात्री असेल तिथेच तो वापरावा.

खरा पेच एकाहून अधिक क्षेत्रे एकत्र बदलताना पडतो. पॅकेट आणि बाइट असे दोन आकडे लागोपाठ दोन 'धिस_सीपीयू' क्रियांनी वाढवले आणि मध्ये प्रोसेसर बदलला, तरी बेरीज बिघडत नाही. पण ३२-बिट यंत्रावर ६४-बिट आकडे 'यू६४_स्टॅट्स_सिंक'ने (अर्धवट बदललेला आकडा वाचला जाऊ नये म्हणून असलेल्या सोयीने) जपलेले असतील, तर तिची सुरुवात, आकड्यांची वाढ आणि तिचा शेवट एकाच प्रोसेसरवर व्हायलाच हवेत. तिथे पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) एकदाच घेऊन बॉटम हाफ, म्हणजे सॉफ्टआयआरक्यूची कामे, बंद ठेवावा. रांगा किंवा याद्यांसारख्या रचनांसाठी ५.८ मध्ये आलेला 'लोकल_लॉक' (त्या प्रोसेसरपुरते कुलूप) मला अधिक योग्य वाटतो, कारण ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलेल्या प्रीएम्प्ट-आरटीमध्ये (वेळेत प्रतिसाद देण्यासाठीच्या कर्नलच्या प्रकारात) प्रीएम्प्शन बंद असताना साधे स्पिनलॉक (कर्नलमधली नेहमीची कुलुपे) घेता येत नाहीत.

म्हणून सुट्या आकड्यांच्या जुन्या पद्धतीच्या ओळी 'धिस_सीपीयू' क्रियांमध्ये निर्धास्तपणे बदलाव्यात. जिथे पॉइंटर घेऊन पुढे अनेक ओळी त्याच रचनेवर काम चालते, तिथे शोध-आणि-बदल लावू नये, प्रत्येक जागा वाचूनच हात घालावा.