फुल्टनचं चर्च: बघायला चर्चिल, बघितले दगड

माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली. त्यामुळे कुठलीही इमारत दाखवायला न्या, मी आधी सांधे बघतो, नक्षी नंतर. सेंट लुईसला लेकीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, चर्चिलचं म्युझियम बघायचं का?" मी म्हटलं, त्या माणसाचं कौतुक ऐकायला पावणेदोन तास गाडीत कशाला बसू? १९४३ चा बंगालचा दुष्काळ काही आपण विसरलो नाही, तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान हाच होता. तर म्हणाली, "चर्चिल राहू दे. ते चर्च लंडनहून आणलंय, दगड सुटे करून." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बूट घालून दारात.

आय-७० ने पश्चिमेकडे निघायचं, किंग्डम सिटीला ५४ नंबरच्या रस्त्याला लागायचं, की आलंच मिझुरी राज्यातलं फुल्टन. वाटेत एका पंपावर कॉफी घेतली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. गाव लहान, बारा-तेरा हजार वस्तीचं. तिथल्या वेस्टमिन्स्टर कॉलेजच्या आवारात हे सेंट मेरी आल्डरमनबरी उभं आहे आणि त्याच्या तळघरात राष्ट्रीय चर्चिल संग्रहालय आहे.

आमच्या जावयासकट बऱ्याच जणांना वाटतं, की चर्चिलचं ते गाजलेलं भाषण याच चर्चमध्ये झालं. नाही. सोव्हिएत रशियाने युरोपच्या मधोमध 'पोलादी पडदा' ओढलाय, असं चर्चिल ५ मार्च १९४६ ला म्हणाले ते कॉलेजच्या व्यायामशाळेत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन मिझुरीचे, आमंत्रणाच्या पत्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, म्हणून एवढा मोठा पाहुणा एवढ्याशा गावात आला. त्या वेळी चर्च लंडनमध्येच होतं, तेही बिनछपराचं. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी आगलावे बॉम्ब टाकले, आतलं सगळं जळालं, भिंती तेवढ्या राहिल्या. तिथलं आधीचं चर्च १६६६ च्या मोठ्या आगीत गेलं होतं, त्यानंतर वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेनने हे बांधलं. तेही असं जळालं, आणि साठच्या दशकात या उभ्या भिंतीही पाडायच्या बेतात होते. तेव्हा कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट डेव्हिडसन यांनी त्या मागून घेतल्या, भाषणाचं स्मारक म्हणून. स्मारक म्हटलं की पुतळा आणि हार एवढंच ज्यांना सुचतं, त्यांच्यात हा माणूस वेगळाच म्हणायचा.

आता दगडांकडे येतो, कारण मी त्यासाठीच गेलो होतो.

सुमारे ७,००० दगड. प्रत्येक साफ केला, प्रत्येकावर नंबर टाकला. आपल्याकडे जुना वाडा उतरवताना खांब-तुळयांवर खुणा करतात तसंच, फक्त इथे माल आधी बोटीने अटलांटिकपार गेला आणि मग रेल्वेने फुल्टनला आला. साइटवर माल उतरवलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. नंबरवारी लावलेला माल उतरेपर्यंत पार सरमिसळ झाला होता! एकरभर जागेत दगड पसरलेले आणि त्यातून हवा तो हुडकायचा. मी दहा ट्रक फरश्या चुकीच्या क्रमाने उतरलेल्या पाहिल्यात, तेवढ्यानेच माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे लंडनच्या त्या आगीला ३०० वर्षं झाली तेव्हा, कोनशिला बसवली आणि मे १९६७ मध्ये शेवटचा दगड चढला. एवढ्या घडीव कामाला आठ महिने म्हणजे गवंड्यांनी कमालच केली.

मी वेड्यासारखा भिंतीशी नाक लावून नंबर शोधत होतो. माहिती सांगणाऱ्या आजीबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. मग माझं मलाच उमगलं. नंबर दर्शनी तोंडावर कोण टाकेल? तो सांध्याच्या बाजूला जाणार, म्हणजे चुन्यात. चाळीस वर्षं हेच काम केलं आणि हे सुचलं नाही.

आत गेलात की उजेड आधी जाणवतो. खिडक्यांना रंगीत चित्रं नाहीत, साधी काच आहे, पांढऱ्या भिंती आणि उंच खांब. पण भिंतींच्या आतलं बहुतेक सगळं नवं आहे आणि ते लपवलेलंही नाही. काच वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लेंको कारखान्याची. प्रवचनाचं कोरीव पीठ आणि सज्जाचं लाकूडकाम आर्थर एअर्स या इंग्रज कारागिराने युद्धापूर्वीचे फोटो समोर ठेवून केलं. रेनच्या आराखड्यात ठळक बदल दोनच: ऑर्गनसाठीचा सज्जा आणि मनोऱ्याच्या जिन्यात उजेड यावा म्हणून पाडलेली खिडकी. ही खिडकी मुद्दाम बघा. जिना अंधारा ठेवून 'मूळ जसंच्या तसं' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आणि तो ऑर्गन. तो बांधला लंडनच्या नोएल मँडर यांनी. १९४० च्या त्या रात्री हेच चर्च वाचवायला धडपडणाऱ्या आगवाल्यांत ते होते. हे ऐकल्यावर मी बाकावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. हिने दोनदा हाक मारली.

खालचं संग्रहालय मी तासाभरात उरकलं. चर्चिलमध्ये रस असेल तर तुम्हाला अर्धा दिवस पुरणार नाही, जावई अजून खालीच होता. आम्ही बाहेर आलो. अंगणात बर्लिनच्या भिंतीचे आठ तुकडे ओळीने उभे आहेत. चर्चिलची नात एडविना सँडीस हिने त्यातून बाई आणि पुरुषाचे आकार आरपार कापून काढलेत. मे १९९२ मध्ये सोव्हिएत संघाचे माजी अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी इथेच भाषण केलं. आमची ही त्या बाईच्या आकारात उभी राहिली, फोटो काढला. काँक्रीटची कापलेली कड बोटाने चाचपून बघितली, सवयच ती.

जाणाऱ्यांसाठी: चर्चमध्ये लग्नं लागतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. तिकिटाला ज्येष्ठांची सवलत आहे का ते विचारा. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा माझ्या गुडघ्यांनी कापला.

परत आल्यावर लंडनच्या पुतण्याला कामाला लावलं, मूळ जागी काय आहे ते बघून ये म्हणून. त्याने फोटो पाठवला. छोटी बाग आहे, पायाच्या खुणा आहेत आणि शेक्सपिअरचा अर्धपुतळा आहे, कारण त्याची नाटकं एकत्र छापणारे दोन सोबती नट याच चर्चच्या आवारात पुरले होते. ते काही फुल्टनला आले नाहीत. फोटोत बाकावर एक माणूस डबा उघडून बसलाय.