बारशाच्या वाटीवर नाव कोरून घेतलं, सराफ्यातल्या कारागिरांचा अनुभव (इंदूर)

भाच्याचं बारसं होतं, आत्याकडून चांदीची वाटी-चमचा हे आमच्याकडे ठरलेलंच, म्हणून वाटी सराफ्यात घेतली आणि नाव कोरायला तिथल्याच एका गल्लीत पायरीवर एवढंसं दुकान आहे तिथे गेले. बोर्ड नाहीये, कोणालाही 'नाम खोदने वाले' विचारा, दाखवतात. पाचपैकी पाच देतेय आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण या माणसामुळे आमच्या बाळाचं नाव बदललं.

आपल्यात मधलं नाव निवडायचं नसतं ना, ते बापाचं, आधीच ठरलेलं. निवडायचं पहिलं, पण मधल्याला शोभेल असं. हे माहीत सगळ्यांना असतं पण तिन्ही नावं सलग म्हणून कोणी बघत नाही. बाळाचं नक्षत्र मघा, म्हणजे अक्षरं मा, मी, मू, मे. वहिनीनं तिसऱ्या महिन्यापासूनच मिहिर मनात धरलेलं, मलाही गोड वाटलेलं, आणि आम्ही महिनोन्‌महिने नुसतं मिहिर मिहिर करत बसलो. दादाचं नाव निखिल.

कारागीर काका म्हणाले, "दीदी, एक बार खुद गया तो मिटेगा नहीं, पूरा नाम बोल के बताओ, फिर लिखके दिखाता हूँ." मी म्हटलं आणि त्यांनी कागदावर एकाखाली एक लिहिलं, मिहिर, खाली निखिल, खाली आडनाव. ते बघितलं आणि मला चर्र झालं. मि-हि-र, नि-खि-ल. तीन तीन अक्षरं, पहिल्या दोन्हीला ऱ्हस्व वेलांटी, ऐकायला आणि दिसायला दोन्ही सख्खे भाऊ! बापलेक वाटेचनात. काकांना म्हटलं थांबा, आणि तिथूनच वहिनीला फोन लावला, स्पीकरवर टाकून पूर्ण नाव मोठ्यानं म्हणायला लावलं. चार वेळा म्हणाली आणि गप्प झाली. मग मानस झालं, मृदुल झालं (ते पण ल वरच संपतं, निखिलला अडखळतं), आणि मग दादाच मागून ओरडला, मल्हार. मल्हार निखिल. पहिल्या नावात तो लांब आकार येतो मग निखिल पटकन होतं, श्वास बरोबर पडतो. आणि इंदूरचं पोर, मल्हाररावांचं नाव, अजून काय पाहिजे. या सगळ्यात पाऊण तास गेला, मागे दोन गिऱ्हाईकं उभी, काका एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

कामाचं सांगते. मशीनचा पेन आहे त्यांच्याकडे, पण मी हातानं करून घेतलं, बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी. सुरुवातीलाच विचारलं, "ल मराठी वाला या हिंदी वाला?" मला भरूनच आलं. आपला ल वेगळा असतो हे शाळेतल्या बाईंनंतर कोणी विचारलं नव्हतं, आणि इथे दोन्ही नावांत ल! निखिलचा ख पण नीट खालून जोडला, नाहीतर तो र आणि व वाचला जातो, घरातल्या जुन्या डब्यांवर बघा. अक्षराला 15 रुपये घेतले, जोडाक्षर एकच धरतात, म्हणजे ल्हा एक. तासाभरात हातात.

अजून एक, मधलं नाव वाटीवर कोरूनच घ्या, सोडू नका. इथे एमपीत आजूबाजूला कुमार, राज असं काही लावतात नाहीतर मधलं काहीच नाही, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, त्यामुळे आपल्या मुलांचं मधलं नाव कुठे असतं कुठे गळतं. दादाच्या दहावीच्या मार्कशीटवर दोन नावं, डिग्रीवर तीन, पुढे ॲफिडेव्हिट करत किती फिरला बिचारा. पासपोर्टला तर मधल्या नावाचा वेगळा रकानाच नाही, ते पहिल्या नावाबरोबरच लिहायचं. म्हणून आत्ताच एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच लावा. घाई मात्र नको, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण ती नावाशिवायही होते, नाव 12 महिन्यांत घातलं तर फी पण नाही. वहिनी म्हणत होती आईचं नाव पण घालूया, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना सरकारी कागदांवर आईचं नाव लावतात, पण तो नियम तिथला, इथे आपल्या मनावर. वाटीवर जागा नव्हती म्हणून चमच्याच्या दांड्यावर वहिनीचं नाव कोरलं, ते काकांनीच सुचवलं.

त्रास एकच, राजवाड्याजवळ गाडी लावायला जागा नाही, रिक्षानंच जा. आणि दिवसाच जा, रात्री दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागायला लागल्या की हे उठून जातात.

बारशाला ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नावं लिहिली तेव्हा दादानं ती वाटी शेजारी ठेवली, मी कानात कुर्र करून मल्हार म्हटलं, पाठीवर धपाटे खाल्ले. मिहिर पण लिहिलं तांदळात, दुसरं नाव म्हणून. वहिनी झोपवताना त्याला तेच म्हणते.