बार्ज उत्तम, पूल अर्धवट: एचओ मापाच्या कार फ्लोट किटविषयी

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सदनिकेत मॉडेल रेल्वेच्या वाट्याला खिडकीलगतची तीन मीटरची फळी आली आहे, आणि एवढ्याशा जागेत मालगाडी जाणार कुठे, हा प्रश्न पहिल्यापासून होताच. त्यावर तोड म्हणून १:८७ प्रमाणाचे, म्हणजे एचओ मापाचे, कार फ्लोट (रेल्वेच्या वाघिणी वाहून नेणारा, रूळ बसवलेला सपाट तराफा, म्हणजेच बार्ज) आणि फ्लोट ब्रिज (किनाऱ्यावरून त्यावर वाघिणी चढवायचा पूल) यांचे किट परदेशातून मागवले. वाघिणी बार्जवर चढवायच्या आणि बार्ज उचलून बाजूला ठेवायचा, की माल बंदरापलीकडे गेला! न्यूयॉर्क बंदरात जर्सी सिटीतील ग्रीनव्हिल ते ब्रुकलिन अशी वाहतूक अगदी अलीकडच्या काळातही चालू राहिली. आपल्याकडे १९६२ साली सराईघाट पूल होईपर्यंत पांडू आणि अमिनगाव यांच्या दरम्यान ब्रह्मपुत्रा अशीच ओलांडावी लागे.

तीन रुळांचा बार्ज सुरेख आहे. शंभर मीटरांचा खरा बार्ज या मापात एक मीटर पंधरा सेंटिमीटर भरतो. किटमधला त्याहून आखूड आहे, पण काठावरचे दोर बांधायचे खुंटे इतके रेखीव आहेत की आखूडपणा खटकत नाही.

पुलाबाबत मात्र निराशा झाली. खऱ्या फ्लोट ब्रिजचे किनाऱ्याकडचे टोक बिजागरीवर असते आणि पाण्याकडचे टोक तरंगत्या पाँटूनवर टेकलेले किंवा, हडसनकाठच्या १९११ सालच्या ६९व्या रस्त्यावरील पुलाप्रमाणे, वरच्या सांगाड्याला टांगलेले असते, कारण भरती-ओहोटीबरोबर बार्ज वरखाली होतो. न्यूयॉर्कचा सुमारे दीड मीटरचा फरक या मापात जेमतेम १७ मिलिमीटर होतो. (आपल्या खाडीतले उधाण घ्यायचे म्हटले, तर साडेचार सेंटिमीटरही अपुरे पडावेत.) एवढी हालचाल ठेवणे अवघड नव्हते, तरी किटमधला पूल सरळ चिकटवून टाकायचा आहे. मी तो कापून पितळी बिजागरी बसवली आणि पाण्याकडचे टोक वरखाली करायला खालून स्क्रू दिला. बार्ज आणि पूल यांचे रूळ जिथे भिडतात तिथे पोस्टकार्डाच्या जाडीएवढा फरक पडला, तरी वाघिणीचे पुढचे चाक फ्लँजवर (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेवर) चढून रुळाखाली उतरते. जुलैत फळीचे प्लायवुड फुगले तेव्हा हा खेळ रोजचाच झाला. अर्थात तो दोष किटचा नव्हे, माझ्या काटकसरीचा. मरीन प्लाय घ्यायला हवे होते.

बार्जसाठी हे किट जरूर घ्यावे. पुलाकरिता करवत आणि दोन रविवार हाताशी ठेवावेत. सोबत तीन सपाट रिकाम्या वाघिणीही मागवाव्यात. जड इंजिन पुलावर जाऊ नये म्हणून इंजिन आणि माल यांच्यामध्ये त्या जोडतात. किटच्या खोक्यात त्या नाहीत, आणि माहितीपत्रकात त्यांचा साधा उल्लेखही नाही.